मांडी घालून बसता येतं का?

प्रस्तावना

दिव्यांग तपासणीच्या बोर्डाचा दिवस होता. सरकारी रुग्णालयाच्या व्हरांड्यात बाकांवर, जमिनीवर, जिन्याच्या पायऱ्यांवर माणसं बसली होती. धानोरा तालुक्यातल्या एका गावचा बावीस वर्षांचा मुलगा आदल्या संध्याकाळीच येऊन नातेवाइकाकडे मुक्कामाला राहिला होता. हातात खताच्या दुकानाची प्लास्टिकची पिशवी आणि तिच्यात सगळे कागद. जन्मापासूनचा सिकलसेलचा रुग्ण, एसएस. डावा खुबा दोन वर्षांपासून दुखत होता. मी त्याच्यासोबत होतो. आत डॉक्टरांनी त्याला चालायला लावलं, एका पायावर उभं राहायला लावलं, मग म्हणाले, “मांडी घालून बस बघू.” तो बसला. ओठ घट्ट मिटून, डावा गुडघा हातानं खाली दाबून, पण बसला. डॉक्टरांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढच्या माणसाचं नाव पुकारलं गेलं.

बाहेर आल्यावर भिंतीला धरून तो बराच वेळ उभा राहिला. कपाळावर घाम होता. मी विचारलं, “अरे, घरी तू जेवायलासुद्धा बाजेवर पाय सोडून बसतोस. मग इथं मांडी कशी घातलीस?” तो म्हणाला, “साहेबानं बस म्हटलं, तं बसलो. नाही कसा म्हणू?”

मोठ्या माणसानं सांगितलेलं ऐकायचं, दुखलं तरी तोंड वाकडं करायचं नाही, हे या मुलांना घरीच शिकवलेलं असतं. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात ते अंगात मुरलेलं आहे. पण त्या खोलीत हा गुण त्याच्या विरोधात गेला. पायाचं अपंगत्व मोजण्याच्या केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये स्थैर्याचा एक तक्ता आहे. सपाट जागेवर चालणं, उतारावर चालणं, जिना चढणं, दोन्ही पायांवर उभं राहणं, दुखऱ्या पायावर उभं राहणं, उकिडवं बसणं, मांडी घालून बसणं, गुडघे टेकणं, वळणं अशा नऊ कृती त्यात आहेत आणि प्रत्येकीला दहा टक्के. म्हणजे ‘मांडी घालून बस’ ही डॉक्टरांनी सहज केलेली सूचना नव्हती. ते मोजमाप होतं. हे त्या मुलाला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मलाही तेव्हा ते नीट माहीत नव्हतं. तुमच्या हातातली पुस्तिका त्या दुपारची आहे, असं मी मानतो.

सिकलसेल या आजाराची माहिती देणारी पत्रकं आपल्याकडे आता कमी नाहीत. आशाताईंच्या पिशवीत असतात, शाळेच्या भिंतीवर असतात. ही पुस्तिका त्यापुढची आहे. आजार वर्षानुवर्षं अंगात राहिल्यावर मागून जे येतं, म्हणजे झिजलेला खुबा, एका बाजूचा लकवा, अधू झालेली नजर, थकलेली किडनी, घोट्याजवळची न भरणारी जखम, त्याचं कागदावर काय होतं, हा तिचा विषय आहे. आजाराचं नाव लिहून मिळणं एक आणि आजारानं केलेलं नुकसान लिहून मिळणं दुसरं. या दोन गोष्टींमधलं अंतर किती मोठं आहे, हे मला पटलं तेव्हापासून मी या कामात आहे.

आधी आजाराबद्दल थोडं. रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी एक अमिनो आम्ल बदललेलं असतं, ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन. एवढ्या लहानशा बदलानं ऑक्सिजन कमी पडला की तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते, कडक होते आणि बारीक रक्तवाहिनीत अडकते. जिथं अडकते तिथं पुढच्या भागाला रक्त मिळत नाही, आणि तिथं दुखतं. ताप, थंडी, अंगातलं पाणी कमी होणं, अतिश्रम ही सगळी कारणं पुरतात. धानाच्या पट्ट्यातल्या माणसाला ती कारणं शोधायला कुठं जावं लागत नाही. उन्हाळ्यात तेंदूपत्त्याच्या हंगामात पहाटेपासून रानात, पाणी जपून प्यायचं, आणि पावसाळ्यात रोवणीला दिवसभर गार पाण्यात कमरेत वाकून. सिकलसेलच्या रुग्णाला डॉक्टर जे जे टाळायला सांगतात, ते ते इथं पोट भरण्याचं काम आहे.

आईवडील दोघंही वाहक, म्हणजे एएस असले, तर प्रत्येक गरोदरपणात बाळ एसएस, म्हणजे रुग्ण, असण्याची शक्यता चारात एक. वाहकाला स्वतःला सहसा त्रास होत नाही. हा जीन इतका पसरला कसा, याचं उत्तर हिवतापात आहे. एएस माणसाला जीवघेण्या हिवतापापासून काही संरक्षण मिळतं, हे अँथनी अ‍ॅलिसन यांनी १९५४ मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या अभ्यासातून दाखवलं. गडचिरोली हा आजही महाराष्ट्रातला हिवतापाचा मोठा जिल्हा आहे, त्यामुळे ही गोष्ट आपल्याला दूरची वाटायचं कारण नाही. पिढ्यान्‌पिढ्या डासांशी झुंजत या रानात जी माणसं टिकली, त्यांनी त्या टिकण्याची किंमत रक्तात बाळगली. माडिया, परधान यांसारख्या काही जमातींमध्ये वाहकांचं प्रमाण वीस ते पस्तीस टक्क्यांपर्यंत आढळल्याच्या नोंदी आहेत. आजार आदिवासींपुरताही नाही. विदर्भातल्या पूर्वाश्रमीच्या महार समाजात, कुणबी, तेली अशा घरांतही तो आहे. ‘हा त्यांचा रोग’ असं बोलणारे मला भेटतात. त्यांनी आपल्याच घरातल्या मुलाची एकदा सोल्युबिलिटी चाचणी करून घ्यावी.

वैद्यकाच्या पुस्तकात हा आजार पहिल्यांदा आला १९१० मध्ये. शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी ग्रेनाडा बेटावरून आलेल्या एका विद्यार्थ्याच्या रक्तातल्या वाकड्या पेशींचं वर्णन केलं. भारतात १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींमध्ये तो सापडला, आणि १९५८ मध्ये शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातल्या सिकलसेलवरचा लेख ‘लॅन्सेट’मध्ये छापला. म्हणजे नागपूरच्या आसपास हा आजार आहे, हे जगाला कळून साठ वर्षांहून अधिक काळ लोटला. पुढे पुण्याचे डॉ. सुदाम काटे महाराष्ट्रातल्या आदिवासी पाड्यांवर रक्ताचे नमुने घेत फिरले. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग १९८६ मध्ये गडचिरोलीत आले आणि त्यांच्या सुरुवातीच्या कामांत सिकलसेलची पाहणी होती. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. दीप्ती जैन यांनी लहान मुलांना हायड्रॉक्सियुरिया हे औषध कमी मात्रेत, वजनाच्या दर किलोमागे दहा मिलिग्रॅम, देऊन चांगला गुण येतो हे दाखवलं. गरीब घरातल्या मुलांसाठी ही मोठी गोष्ट होती. ११ डिसेंबर २०२२ रोजी चंद्रपूरचं हिमोग्लोबिनच्या आजारांवरचं संशोधन आणि नियंत्रण केंद्र राष्ट्राला अर्पण झालं. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन हे तिचं उद्दिष्ट.

या सगळ्या कामाबद्दल मला आदर आहे. पण त्यातला बहुतेक भर रक्त तपासण्यावर आणि पुढची पिढी वाचवण्यावर आहे. जी पिढी आज पंचवीस-तीस वर्षांची आहे, जिच्या वेळी गावात ना चाचणी होती ना हायड्रॉक्सियुरिया, तिचं निर्मूलन करायचं नाही, तिला जगवायचं आहे. तिचा प्रश्न कागदाचा आहे.

कागदाची गोष्ट अशी. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात अपंगत्वाचे सातच प्रकार होते आणि सिकलसेल त्यात नव्हता. आई मुलाला पाठीवर घेऊन जिल्ह्याच्या गावी जायची आणि ‘हा आजार आहे, अपंगत्व नाही’ असं ऐकून परत यायची. सिकलसेलला अपंगत्वाच्या यादीत आणावं यासाठी ज्यांनी वर्षानुवर्षं निवेदनं दिली, मंत्रालयाच्या खेपा घातल्या, त्यांत नागपूरचे संपत रामटेके यांचं नाव आधी घ्यावं लागतं. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ च्या डिसेंबरात झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. प्रकार सातांवरून एकवीस झाले. हिमोफिलिया, थॅलेसेमिया आणि सिकलसेल हे तीन रक्ताचे आजार त्यात आले. मोजायचं कसं याच्या मार्गदर्शक सूचना ४ जानेवारी २०१८ रोजी निघाल्या आणि मार्च २०२४ मध्ये त्या सुधारल्या गेल्या. निदानासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसीचा अहवाल लागतो. गावातली सोल्युबिलिटी चाचणी पुरत नाही. नुसत्या वाहकाला प्रमाणपत्र मिळत नाही, आणि ते बरोबरच आहे.

आता यातली मेख. चाळीस टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्व असलेल्यांना कायद्याच्या ३२व्या कलमानं उच्च शिक्षणात किमान पाच टक्के जागा राखीव आहेत, आणि त्यात सिकलसेलचे विद्यार्थीही येतात. सरकारी नोकरीतल्या आरक्षणाचं कलम ३४वं. तिथं चार टक्के जागा आहेत. एक टक्का दृष्टी अधू असलेल्यांना, एक श्रवणदोष असलेल्यांना, एक हालचालींचं अपंगत्व असलेल्यांना, त्यात सेरेब्रल पाल्सी, कुष्ठरोगमुक्त, आम्लहल्ल्यातले पीडित वगैरे येतात, आणि उरलेला एक टक्का स्वमग्नता, बौद्धिक अपंगत्व, शिकण्यातली अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता यांना. रक्ताचे आजार या यादीत नाहीत.

म्हणजे गडचिरोलीतला सिकलसेलचा मुलगा पाच टक्क्यांतून कॉलेजात जाईल, पदवी घेईल आणि तलाठ्याच्या भरतीचा अर्ज भरताना त्याला कळेल की त्याच्या प्रमाणपत्रावर जे लिहिलं आहे, त्याला तिथं रकाना नाही. माझ्या मते ही कायद्यातली चूक आहे आणि ती संसदेनंच दुरुस्त केली पाहिजे. शिकायला अपंग आणि कमवायला धडधाकट असा माणूस नसतो.

ती दुरुस्ती होईपर्यंत एक वाट उघडी आहे, आणि ती त्या मुलाच्या डाव्या खुब्यातून जाते.

मांडीच्या हाडाचं वरचं टोक गोल असतं, चेंडूसारखं. त्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या थोड्या आणि बारीक. त्यांत वाकड्या पेशी पुन्हापुन्हा अडकल्या की हाडाचा तो भाग उपाशी मरतो, खचतो आणि सांधा घासायला लागतो. याला डॉक्टर ‘अ‍ॅव्हॅस्क्युलर नेक्रोसिस’ म्हणतात. गावात त्याला ‘वात’ म्हणतात. सुरुवातीला एक्स-रेमध्ये काही दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसतं. एक्स-रे साफ आला की ‘काही नाही, वात आहे’ म्हणून माणूस घरी येतो, तेल चोळतो, लंगडत कामाला जातो. वर्ष-दोन वर्षांनी पुन्हा एक्स-रे काढला तेव्हा चेंडूचा गोलावा बसलेला दिसतो. तोवर मांडी गेली, उकिडवं बसणं गेलं, म्हणजे रानात शौचाला बसणंही गेलं. सासुरवाशीण असेल तर हे शेवटचं ती कुणालाच सांगत नाही. अशी एक बाई मला माहीत आहे, ब्रह्मपुरीकडची. संध्याकाळचं जेवण तिनं सोडून दिलं होतं, रात्री-पहाटे बाहेर बसायची वेळ येऊ नये म्हणून. सगळ्यांना वाटायचं तिला भूक नाही.

हा खचलेला खुबा सिकलसेलनं आला हे खरं, पण कायद्याच्या भाषेत ते हालचालींचं अपंगत्व आहे. त्याची वेगळी तपासणी व्हायला हवी, त्याची टक्केवारी वेगळी लिहिली जायला हवी. ती चाळीस किंवा त्याहून अधिक आली तर नोकरीच्या आरक्षणातला हालचालींच्या अपंगत्वाचा रकाना या माणसासाठी उघडतो. नजरेचंही तसंच. सिकलसेलमुळे डोळ्याच्या पडद्याला इजा होते, आणि डोळ्याच्या डॉक्टरांची तपासणी वेगळी मागावी लागते. लहान वयात मेंदूचा झटका येऊन एक हात-पाय लुळा पडलेली मुलं आहेत. त्यांच्या प्रमाणपत्रावर मी ‘सिकलसेल’ एवढा एकच शब्द पाहिला आहे. लुळा हात समोर दिसत होता. कागदावर तो नव्हता.

दोन अपंगत्वं लिहिली गेली की बेरीज होते असं लोकांना वाटतं. तशी ती होत नाही. मोठा आकडा तसाच ठेवायचा, नव्वदातून तो वजा करायचा, जे उरेल त्याला लहान आकड्यानं गुणून नव्वदानं भागायचं आणि ते मोठ्यात मिळवायचं. चाळीस आणि तीस असतील तर उत्तर सत्तर येत नाही, सत्तावन्नच्या आसपास येतं. या पुस्तिकेत हे गणित उदाहरणांनी सोडवून दाखवलं आहे. ज्याचं त्याला करून पाहता यावं, कारण आकडा कमी आला की ‘पैसे दिले नाहीत म्हणून कमी लिहिलं’ अशी कुजबूज सुरू होते आणि त्या कुजबुजीवर दलाल जगतात.

थोडं बाहेरच्या जगाकडे बघू. ल्युपस नावाचा एक आजार आहे. शरीराची रोगप्रतिकारक शक्ती स्वतःवरच उलटते, आणि सांधे, कातडी, किडनी, हृदय यांपैकी कशालाही धरते. बहुतेक रुग्ण स्त्रिया. त्यावर जी स्टेरॉइडं द्यावी लागतात, त्यांनीही कित्येकींचा खुबा असाच खचतो. म्हणजे दोन वेगळे आजार शेवटी एकाच हाडापाशी येऊन थांबतात. आपल्या एकवीसच्या यादीत ल्युपस नाही. चंद्रपुरातल्या ल्युपसच्या रुग्ण बाईला आजाराच्या नावावर काही मिळायचं नाही. जे मिळेल ते खुब्याच्या, डोळ्याच्या नावावर मिळेल.

अमेरिकेत माजी सैनिकांच्या अपंगत्व भरपाईचे नियम या बाबतीत वाचण्यासारखे आहेत. नोकरीशी जोडलेल्या एका आजारातून दुसरा आजार उद्भवला, तर तो दुसराही नोकरीशीच जोडलेला धरायचा असा तिथं स्पष्ट नियम आहे. सैनिकाला ल्युपस झाला आणि ल्युपसनं किडनी गेली, तर किडनीही त्याच हिशेबात. आणि ल्युपसच्या नोंदीखाली एक वाक्य आहे, ते मला फार मोलाचं वाटतं. ल्युपसला त्याच्या स्वतःच्या पायऱ्यांवर मोजा, दहा, साठ किंवा शंभर टक्के. नाहीतर त्यानं ज्या ज्या अवयवाचं नुकसान केलं ते वेगवेगळं मोजून एकत्र करा. आणि या दोन रीतींपैकी जिनं आकडा मोठा येईल ती धरा. मोजणाऱ्यानं रुग्णाच्या बाजूनं मोजायचं, हे तिथं नियमातच लिहिलेलं आहे. आपल्या मार्गदर्शक सूचनांमध्ये सिकलसेलसाठी हे एक वाक्य यावं, अशी माझी जाहीर मागणी आहे.

आपल्याकडेही सैनिकांच्या बाबतीत न्यायालयानं असा विचार केलेला आहे. धर्मवीर सिंग नावाच्या जवानाला १९८५ मध्ये भरती करून घेतलं आणि १९९४ मध्ये फिट्स येतात म्हणून घरी पाठवलं. अपंगत्व वीस टक्के, पण नोकरीशी संबंध नाही म्हणून पेन्शन नाकारली. सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये सांगितलं की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नव्हती, तर तो नोकरीतच आला असं धरून चाललं पाहिजे. सिद्ध करायचा भार जवानावर टाकता येणार नाही, आणि शंकेचा फायदा त्याला मिळाला पाहिजे. सिकलसेल जन्माचा आहे, तिथं कुठून आला हा प्रश्नच नाही. पण भार कुणी वाहायचा हा प्रश्न तोच आहे. आज तो भार खताच्या पिशवीत कागद घेऊन आलेल्या मुलावर आहे. कोणती तपासणी मागायची हे त्यानं ठरवायचं, कोणत्या डॉक्टरकडे जायचं हे त्यानं विचारायचं, आणि मांडी घालताना दुखतं हेही त्यानंच बोलून दाखवायचं.

बोर्डावरच्या डॉक्टरांबद्दल माझी तक्रार नाही. एका सकाळी शेकडो माणसं, त्यांत हाडाचे, डोळ्याचे, कानाचे, मनाचे सगळे. सिकलसेलचा रुग्ण दुखण्याच्या दोन झटक्यांच्या मधल्या दिवशी येतो तेव्हा तो चांगला चालताबोलता दिसतो. पंधरा दिवसांपूर्वी तो रात्रभर ओरडत होता हे डॉक्टरांना दिसणार कसं? ते कागदातच दिसतं. म्हणून प्रत्येक वेळी दवाखान्यात भरती झाल्याचं कार्ड, रक्त चढवल्याची नोंद, एक्स-रे, सोनोग्राफी हे सांभाळून ठेवण्यावर या पुस्तिकेत इतका भर आहे. आमच्या भागात घरं मातीची, कुडाची. कागद वाळवीनं खाल्ला, पावसानं भिजला, चुलीजवळ ठेवला म्हणून करपला हे रोजचं आहे. पत्र्याच्या डब्यात, प्लास्टिकमध्ये, तारखेनं लावून ठेवा, आणि मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा.

अंतर हाही आजाराचाच भाग आहे. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरातून वेगळा झाला, तरी भामरागडहून जिल्ह्याचं ठिकाण पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास आहे आणि सिरोंचा त्याहूनही लांब. पर्लकोटेला पूर आला की भामरागडची वाट बंद. बोर्डाची तारीख हुकली की पुढची. त्यात तरुण रुग्णांना अनेकदा तात्पुरतं प्रमाणपत्र मिळतं, कारण नियमात म्हटलं आहे की स्थिती बदलण्याची शक्यता असेल तर मुदत घालावी. खचलेलं हाड पुन्हा गोल होत नाही. ज्याच्या एक्स-रेमध्ये चेंडू बसलेला दिसतो, त्याला दर काही वर्षांनी दोनशे किलोमीटर बोलावून काय तपासायचं? बोर्डानं अशांना कायमचं प्रमाणपत्र द्यावं, आणि तालुक्याच्या ठिकाणी, निदान अहेरीला, कुरखेड्याला, राजुऱ्याला वरचेवर शिबिरं व्हावीत. मिळालेली टक्केवारी मान्य नसेल तर कायद्याच्या ५९व्या कलमानं अपील करता येतं. इतक्या वर्षांत माझ्या पाहण्यातल्या फार थोड्यांनी ते केलं, कारण बाकीच्यांना ते माहीतच नव्हतं.

प्रमाणपत्रानं काय मिळतं? एसटीची सवलत, दहावी-बारावीच्या परीक्षेत जास्तीचा वेळ, पात्र असेल तर संजय गांधी निराधार अनुदान योजनेची दरमहाची रक्कम, कॉलेजातली जागा. शहरातल्या वाचकाला हे किरकोळ वाटेल. पण नागपूरला दर महिन्याला तपासणीला जाणाऱ्या घराला तिकिटाचे पैसे म्हणजे एका माणसाची आठवड्याची मजुरी असते. आणि पैशापलीकडे आणखी एक आहे. सिकलसेलच्या मुलांना लहानपणापासून ‘आळशी’ म्हटलेलं असतं. डोळे पिवळे दिसतात म्हणून कावीळ उतरवायला नेलेलं असतं, पोटातली पांथरी वाढते म्हणून कुणीतरी डाग दिलेला असतो. शाळेत कवायतीला बसून राहिला म्हणून मार खाल्लेला असतो. अशा मुलाच्या हातात सरकारी शिक्क्याचा कागद येतो आणि त्यावर लिहिलेलं असतं की याचं दुखणं खरं आहे. एका आईनं तो कागद देव्हाऱ्यात ठेवलेला मी पाहिला आहे.

पुस्तिका लिहिणाऱ्यांनी भाषा साधी ठेवली आहे, कायद्याची कलमं जिथं लागतात तिथंच घेतली आहेत. काही पानं गोंडीत आणि माडियात यायला हवी होती. ते काम राहिलं आहे आणि ते लवकर व्हावं. लग्न जुळवताना सिकलसेलचं कार्ड लपवण्याबद्दलचं प्रकरण छोटं आहे, मला ते अधिक मोठं हवं होतं, कारण लपवलेलं कार्ड पुढे मुलाच्या कागदावरही येत नाही. गरोदरपणातल्या धोक्यांवरची दोन पानं मात्र प्रत्येक आशाताईनं आणि प्रत्येक सासूनं वाचावीत.

धानोऱ्याच्या त्या मुलाची पुढे दुसऱ्यांदा तपासणी झाली. या वेळी एमआरआय सोबत होता, आणि खुब्याचं अपंगत्व वेगळं लिहून आलं.

तुम्ही बोर्डासमोर जाल तेव्हा ही पुस्तिका सोबत न्या. कागद तारखेनं लावून न्या. सिकलसेलच्या नावाखाली थांबू नका. खुबा, डोळे, किडनी, जे जे दुखतं त्याची वेगळी तपासणी तोंडानं मागा. आणि डॉक्टरांनी मांडी घालून बस म्हटलं, तर पाय जिथं अडतो तिथं थांबा आणि म्हणा, “साहेब, इथून पुढं होत नाही.”